भरीत पार्टीत पाहुण्याचं पोर पडलं, तर भरपाई शेतकऱ्यानं का द्यायची?

केळीचं खोड (यावल)
सहा एकर केळी आहे. दोन हिवाळे झाले, रविवारी शेतात भरीत पार्टी ठेवतो. भरीत, कळण्याची भाकर, ठेचा, वर बैलगाडीची चक्कर. माणशी ३०० रुपये. डिसेंबरात जळगावच्या एका कुटुंबातल्या दहा वर्षांच्या पोरानं चालत्या गाडीतून उडी टाकली, मनगट मोडलं. मीच दवाखान्यात नेलं, प्लास्टरचे पैसेही मीच दिले. आता बापाची वकिलामार्फत नोटीस आलीये, दीड लाख मागतोय! बांधावर पाटी आहे, 'आपापल्या जबाबदारीवर फिरावे'. शेत म्हणजे मॉल नाही, भो. इथं चिखल असणार, बैल शिंग हलवणार. झेपत नसेल त्यानं घरी गॅसवर वांगी भाजावीत.

तापीकाठ
शंभर टक्के सहमत. आम्ही पोरपणी विहिरीत मुटके मारायचो, डोकी फुटायची. आई वरून दोन धपाटे घालायची, विषय संपला.

काळा कोट, धुळे
तुम्ही सोयरे होता, गिऱ्हाईक नव्हता. भाऊंनी ३०० रुपये घेतले, तिथंच फरक पडला. पैसे घेऊन सेवा दिली की २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागतो. फुकट बोलावलेल्याला तो रस्ता नाही, पण निष्काळजीपणाचा दिवाणी दावा त्यालाही करता येतो. पाटीनं एवढंच दिसतं की धोका सांगितला होता. दहा वर्षांचं पोर पाटी वाचून मान डोलवतं का? मला एकच सांगा, गाडीत हाकणाऱ्याशिवाय मोठं माणूस होतं का?

केळीचं खोड (यावल)
नव्हतं. आठ पोरं आणि आमचा गडी. पण बाप कुठं होता? खाटेवर पडून मोबाईल बघत. त्याची काहीच जबाबदारी नाही?

काळा कोट, धुळे
आहे, आणि उत्तरात ती ठासून मांडा. पण आठ पोरं एकट्या गड्याच्या भरवशावर सोडली, हे तुमच्याच तोंडून आलं. अजून एक, बैल मारका आहे हे माहीत असून मोकळा ठेवलात, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे. तो फौजदारी मामला.

तापीकाठ
अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात शेतकऱ्यानं कायद्यातल्या मजकुराची पाटी लावली की त्याला संरक्षण मिळतं. आपल्याकडे २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण काढलं, संरक्षणाचं काय?

काळा कोट, धुळे
तिथलं संरक्षणही शेतीच्या अंगभूत धोक्यांपुरतंच आहे. धोकादायक जागा माहीत असून सांगितली नाही, तर पाटी कामाची नाही.

चोपडेकर
खोडभाऊ, मीही पाहुणे घेतो, म्हणून बोलतो. गोपीनाथ मुंडे योजनेतली अपघाताची मदत शेतकरी आणि घरातल्या एकासाठी आहे, पाहुण्याला नाही. त्याचा विमा वेगळा काढावा लागतो. गेल्या वर्षी माझ्या विहिरीच्या काठावर दोन इवल्याशा चपला दिसल्या. काळीज तोंडात आलं. पोर पेरूवर चढलं होतं. दुसऱ्याच दिवशी विहिरीवर लोखंडी जाळी टाकली. आता आईबाप सोबत असतील तरच पोर बैलगाडीत. दोघं-तिघं रुसून गेले, जाऊ द्या.

तापीकाठ
मग फक्त रिसॉर्टवाल्यांनीच भरीत विकायचं. भाव पडले की केळीवाल्यानं काय खायचं?

केळीचं खोड (यावल)
दीड लाख देणार नाही म्हणजे नाही. नोटिशीच्या उत्तराला दवाखान्याच्या पावत्या जोडतोय. कोटताई, माझ्या विपूत (विचारपुशीच्या पानावर) या. आणि चोपडेकर, जाळी कुठल्या वेल्डरकडून केली?