बर्लिनमधे फ्लॅट भाड्याने घेताना एजंट ऐनवेळी कमिशन मागतोय, द्यायचं का?

प्रश्न: फ्लॅटची जाहिरात ऑनलाइन बघितली, एजंट घरमालकानेच लावलेला, मी कोणालाच घर शोधायला सांगितलं नव्हतं. आता सहीच्या आदल्या दिवशी म्हणतोय दोन महिन्यांचं भाडं कमिशन आणि वर करार बनवायचे २०० युरो द्या, नाहीतर घर दुसऱ्याला देतो. तीन महिने वणवण केलीये हो, खूप टेन्शन आलंय.

उत्तर १: अजिबात देऊ नका! १ जून २०१५ पासून जर्मनीत नियमच आहे, ज्याने एजंटला काम दिलं त्यानेच पैसे द्यायचे. करार बनवायची वेगळी फीसुद्धा एजंटला भाडेकरूकडून घेता येत नाही. त्याला ईमेलवर विचारा की हे पैसे कशाचे, लेखी असलेलं बरं.

उत्तर २: नियम बरोबर आहे पण घर हातचं गेलं तर काय, हेही बघा ना. माझ्यावरही अशीच वेळ आली होती, मी तेव्हा पैसे भरले, पण बँकेतूनच, कॅश नाही, आणि राहायला गेल्यावर मीटरफेराइनची, म्हणजे भाडेकरू संघटनेची मेंबरशिप घेऊन त्यांच्याकडून पत्र पाठवलं. पूर्ण रक्कम परत आली. जाहिरातीचा स्क्रीनशॉट मात्र आत्ताच काढून ठेवा, नंतर ती गायब होते.

उत्तर ३: डिपॉझिट यात धरू नका, ते द्यावंच लागतं. पण हीटिंग वगैरे सोडून जे मूळ महिन्याचं भाडं त्याच्या जास्तीत जास्त तिप्पट, आणि तीन हप्त्यांत भरता येतं.

प्रश्नकर्ता: खूप आभार सगळ्यांचे, स्क्रीनशॉट काढला, ईमेल आत्ताच लिहितोय.