बदल हवा, पण हळूहळू
"रोज वेगळं दिलं की पोट बिघडतं, म्हणून कुत्र्याला कायम एकच खाणं द्यावं" असं कुत्र्यांच्या खाण्यावरच्या या चर्चेत कुणीतरी वर लिहिलंय, ते मला अर्धंच पटतं. पोट बिघडतं ते एकदम केलेल्या बदलाने. आमच्या कुत्रीला मी नवीन पदार्थ आधी चमचाभर, जुन्या खाण्यात कालवून देते आणि 7 ते 10 दिवसांत वाढवत नेते. एका वेळी एकच पदार्थ. अंडं तिला सोसत नाही हे त्यामुळेच कळलं. रात्रभर पंजे चाटत बसली होती बिचारी.

कॅल्शियमचं मात्र इथे कुणीच बोललं नाही. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम अगदी कमी. घरचंच खाणं देणार असाल तर पशुवैद्याकडून प्रमाण ठरवून घ्या, पिल्लू असेल तर नक्कीच. आणि कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका चुकूनही नकोत.