शब्दचर्चा: फुगीर पंख, फुगवलेला पंख की हवाभरीव पंख?

प्रश्न
ग्लायडरच्या, म्हणजे इंजिनाशिवाय उडणाऱ्या विमानाच्या, हवा भरून ताठ होणाऱ्या पंखांवर मराठीत लेख लिहिते आहे. घडी करून नेता येणारा, हवा भरली की आकार घेणारा पंख. मी त्याला 'फुगीर पंख' म्हटलं, तर कच्चा मसुदा वाचणाऱ्या दोघांचा समज झाला की हा पंख फुग्यासारखा हलका असतो आणि म्हणून वर जातो. हाच गैरसमज मला टाळायचा आहे. दुसरा अडलेला शब्द 'ग्लाइड रेशो', म्हणजे एक मीटर खाली येताना ग्लायडर किती मीटर पुढे जातो ते. 'तरंग-गुणोत्तर' कसं वाटतं?

प्रतिसाद
'फुगीर' नकोच. पंखाची पाठ फुगीर असते, मग तो पंख लाकडाचा असो की कापडाचा. तो शब्द पाठीच्या बाकासाठी राखून ठेवा.

फुग्याची उपमा तर उलटीच पडते. समुद्रसपाटीला एक घनमीटर हवा साधारण १.२ किलो भरते. पंखात बाहेरच्या दुप्पट दाबाची हवा असेल, तर तेवढ्याच जागेत २.४ किलो. म्हणजे हवा भरल्यावर पंख जड होतो.

प्रतिसाद
मी क्रियापदापासून सुरुवात करेन. आपण फुगा 'फुगवतो', पण टायर कुणी फुगवत नाही, टायरमध्ये 'हवा भरतो'. फुगवण्यात आकार वाढवण्याचा भाव आहे, हवा भरण्यात भार पेलण्याचा. भाषेने हा फरक आधीच करून ठेवलाय, तो वापरायला हवा.

तिसरं क्रियापद 'फुलणे'. पॅराग्लायडरचं कापड फुलतं. डोमिना जालबर्ट यांनी १९६४ च्या सुमारास जो कप्प्याकप्प्यांचा कापडी पंख आणला, त्याच्या पुढच्या कडेला तोंडं उघडी असतात आणि समोरून येणारा वाराच आत शिरून त्याला फुलवतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाला हा दाब जेमतेम ६० पास्कल, वातावरणाच्या दाबाच्या दीड हजाराव्या हिश्श्याहूनही कमी. एवढ्यावर पंखाला आकार मिळतो, ताठपणा नाही. भार दोऱ्या पेलतात.

याउलट १९५६ मध्ये गुडइयर कंपनीने बारा आठवड्यांत बनवलेलं रबरी कापडाचं विमान घ्या. त्याच्या पंखात बाहेरच्यापेक्षा सुमारे १.७ वातावरण (समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाच्या १.७ पट) जास्त दाब असे, मोटारीच्या टायरच्या जवळपास. या पंखात हवा 'भरलेली' असते.

म्हणून सुचवतो: हवाभरीव पंख. 'भरीव' म्हणजे पोकळच्या उलट, आणि इथे हवाच पोकळ पिशवीला भरीव करते.

प्रतिसाद
'हवाभरीव' पहिल्या वाचनात अडखळवतो. 'हवाभरला पंख' जास्त सरळ नाही का?

प्रतिसाद
सरळ आहे, पण त्यात ताठपणा येत नाही, आणि या पंखांचा सगळा झगडा ताठपणाशीच आहे. उचल मिळाली की पंखाची टोकं वर वाकतात, पाठीवरचं कापड दाबलं जातं. आतल्या हवेने दिलेला ताण तिथे संपला की सुरकुती पडते आणि पंख नमू लागतो. 'सुरकुती' हा या विषयातला कळीचा शब्द आहे, त्याला जड संस्कृत प्रतिशब्द शोधू नका.

आता अडचण पाहा. दूरवर जायचं तर पंख लांब आणि अरुंद हवा, म्हणजे टोकांशी होणाऱ्या भोवऱ्यांत कमी शक्ती वाया जाते. पण अरुंद पंख जाडीलाही कमी. हवाभरल्या नळीची सुरकुतीपूर्वीची ताकद त्रिज्येच्या घनाप्रमाणे बदलते. त्रिज्या निम्मी केलीत, तर तोच भार पेलायला आठपट दाब लागेल. शेजारीशेजारी अनेक नळ्या लावल्या तर कापडावरचा ताण आटोक्यात राहतो, पण पृष्ठभाग पन्हळी होतो. तो गुळगुळीत करायला वरून वेगळं कापड ताणतात. दुसरा मार्ग म्हणजे पाठ आणि पोट असंख्य धाग्यांनी आतून बांधणं. गुडइयरने तेच केलं होतं.

(वरच्या परिच्छेदात मी स्वतःच 'हवाभरली नळी' लिहून गेलो, हे आत्ता लक्षात आलं. सुट्या नळीला तो शब्द शोभतो. ताठ झालेल्या पंखाला 'हवाभरीव'च म्हणेन.)

प्रतिसाद
'तरंग-गुणोत्तर' मात्र टाळा. तरंगणारी वस्तू आहे त्याच पातळीवर राहते. ग्लायडर भोवतालच्या हवेच्या तुलनेत सतत खाली येत असतो. वर चढणाऱ्या हवेत तो उंची मिळवतो, ती घारीची घिरटी, ती वेगळी गोष्ट. एक मीटर उंची खर्चून किती मीटर मजल मारली, हेच सांगायचंय ना? मग मजल-गुणोत्तर म्हणा. पॅराग्लायडरचं साधारण १०, हँग ग्लायडरचं १५, चांगल्या आधुनिक ग्लायडरचं ४० ते ६०.

मूळ प्रश्नकर्ती
'मजल' फार आवडला, घेतला. परिच्छेद असा बदललाय:

'हवाभरीव पंखात हवा टायरसारखी भरतात, उचलण्यासाठी नव्हे, ताठ राहण्यासाठी. पंख जितका लांब आणि अरुंद, तितकं मजल-गुणोत्तर चांगलं, पण पाठीवर सुरकुती पडण्याची भीतीही तितकीच जास्त.'

त्याच दोघांना पुन्हा वाचायला दिलं. या वेळी फुग्याचं नाव निघालं नाही. एकाने विचारलं, पंक्चर झाला तर?