परिपत्रकाच्या आधी पोचलेली बातमी : विद्यापीठातल्या नोकरीचे अनुभव

गेल्या महिन्यात आमच्या विभागात महागाई भत्त्याचं परिपत्रक आलं. मी चष्मा पुसून वाचायला घेतलं, तर शेजारच्या टेबलावरनं आवाज आला, "ते होय? त्याच्या फरकाचं बिल गुरुवारीच टाईप झालंय." म्हणजे कागदाच्या आधी बातमी आणि बातमीच्याही आधी बिल. इतकी वर्षं कोल्हापुरात विद्यापीठाच्या प्रशासनात काढल्यावर याचं नवल वाटायला नको, पण वाटलं. म्हणून हा धागा.

विद्यापीठात किंवा कॉलेजात नोकरी करणाऱ्यांनी लिहा : तुमच्या ऑफिसात बातमी कशी फिरते, कोण आणते, कुणापर्यंत पोचतच नाही. अटी दोनच. संस्थेचं नाव नको आणि माणसाचं नाव नको. कोल्हापुरात आता विद्यापीठ म्हणजे एकच राहिलेलं नाही, तेव्हा "आमच्याकडं" एवढं पुरे. निवृत्त मंडळींनी तर लिहाच, तुम्हाला आता मस्टर नाही.

सुरुवात माझ्यापासून. माझी पहिली बदली मला चहावाल्यानं सांगितली. सकाळी साडेदहाचा चहा ठेवता ठेवता म्हणाला, "सायेब, उद्यापासनं तुमचा कप वरच्या मजल्यावर द्यायचा न्हवं?" मी उडवून लावलं. संध्याकाळी पावणेसहाला आदेश हातात, खाली पोच द्यायची सही. पुढं कधीतरी त्याला विचारलं, तुला कसं कळलं रे? वरच्या अधीक्षकांनी त्याला सांगितलं होतं, उद्यापासून एक कप वाढव, बिनसाखरेचा. आख्ख्या इमारतीत बिनसाखरेचा पिणारा तेव्हा मी एकटा होतो. खाली आलेली उत्तरं, ज्याची त्याच्या शब्दांत; कंसातलं माझं.

आवक-जावक टेबलावरून

बावीस वर्षं या टेबलावर आहे. येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या हातात. शिक्का, तारीख, आवक नंबर, कुठल्या विभागाला गेला ते. मजकूर मी वाचत नाही, तेवढा वेळच नसतो, पण 'विषय' ही ओळ नोंदवायलाच लागते. त्या एका ओळीसाठी माणसं खिडकीशी येतात. "मावशी, स्टेपलर आहे का?" स्टेपलर प्रत्येकाच्या टेबलावर आहे.

एक मुलगा दर सोमवारी यायचा. वडील आमच्याकडं शिपाई होते, नोकरीत असतानाच गेले. अनुकंपाची फाईल वरती गेलेली. आला की काही विचारायचा नाही, खिडकीला टेकून उभा राहायचा. पहिल्या वर्षी मी "अजून नाही रे" म्हणायचे, नंतर नुसती मान हलवायचे. तिसऱ्या वर्षी एका सोमवारी टपालात तो कागद आला. असलं काही खिडकीवरनं सांगायचं नसतं, तो विभागाचा विषय. मी रजिस्टर उघडलं आणि नोंद नेहमीपेक्षा सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिली. दोन वर्षं समोर उभं राहून पोरगा उलटं वाचायला शिकला होता. विषयाची ओळ पुरी व्हायच्या आत तो खाली बसला. तिथंच, जिन्याच्या पायरीवर.

आता तो टपाल घेऊन माझ्याकडंच येतो. स्टेपलर मागत नाही.

डब्याचा कट्टा

मी मूळची वर्ध्याची. इथं रुजू झाले त्या दिवशी शेजारच्या मॅडम म्हणाल्या, "मी सांगतो तुला, कुलसचिव आज रजेवर आहेत, सह्या उद्या घे. मी पण उद्याच जातो." मी मागं वळून पाहिलं, कोण पुरुष बोलतोय ते. कोल्हापूरच्या बायका 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! आता माहेरी फोनवर मीच "पोचलो गं" म्हणते आणि आई हसत सुटते.

आमच्याकडं खरी बातमी दीड वाजता, डबे उघडल्यावर. १८० दिवसांची बालसंगोपन रजा निघाली ती २०१८ मध्ये, पावसाळ्यात. ती आम्हाला झुणक्याबरोबर कळली. एकीचा भाऊ मंत्रालयात, त्याचा फोन आलेला. ज्यांची मुलं अठराच्या पुढं गेली होती त्या दोघी त्या दिवशी गप्प जेवल्या. पुरुषांच्या टेबलावर ही बातमी चार दिवसांनी पोचली आणि पहिला प्रश्न आला, "मग काम कोण करणार?" त्याला दिलेलं उत्तर इथं लिहिता येणार नाही.

दिवाळी करून येतो

बातमी न पोचल्याचा अनुभव चालेल का? २००५ साली आम्हा दोघा मित्रांना एकाच दिवशी नेमणुकीचे आदेश मिळाले, ऑक्टोबरात. तो लगेच रुजू झाला. मी म्हटलं, महिन्याभराची मुदत आहे, एक तारखेला लक्ष्मीपूजन, दिवाळी करून जाऊ. भाऊबीज आटोपून हजर झालो. तोवर शासनाचा निर्णय निघाला होता : १ नोव्हेंबर २००५ पासून पुढं लागणाऱ्यांना जुनी पेन्शन नाही.

मला हे कळलं रुजू झाल्यावर बऱ्याच दिवसांनी, आणि तेव्हा त्याचा अर्थही कळला नाही. तिशी न गाठलेल्या माणसाला पेन्शन म्हणजे काय? मार्च २०२३ च्या संपात 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणून ओरडत होतो तेव्हा हा मित्र पाठिंब्याला शेजारीच उभा होता. त्याचा स्वतःचा काही संबंध नसताना. घोषणा देता देता म्हणाला, "वहिनींच्या चकल्या लई महागात पडल्या लेका."

(यावर मी काय लिहू? आमच्या विभागात याच तारखेवरनं 'अलीकडचे' आणि 'पलीकडचे' असे दोन गट आहेत. गृहकर्जाला जामीन शोधताना आधी पलीकडच्यांना, म्हणजे जुन्या पेन्शनवाल्यांना, विचारतात.)

सागरमाळावरचा विद्यार्थी

माझी नोकरी दुसरीकडं आहे, पण ऑफिस मी शिकलो सागरमाळावरच्या शिवाजी विद्यापीठात, 'कमवा व शिका'मध्ये. सकाळी काम, मग तास. टपाल वेगळं करायचं काम होतं माझ्याकडं. तेव्हा सोलापूर जिल्ह्यातली कॉलेजंही इथंच जोडलेली होती, २००४ मध्ये तिथं स्वतंत्र विद्यापीठ झालं. त्यामुळं एकाच टेबलावर कराड, इस्लामपूर, गडहिंग्लज, बार्शी, अक्कलकोट. मी चंदगड तालुक्यातला, रेल्वेत बसलो नव्हतो तोवर, पण पाकिटावरचा गोल शिक्का बघून कुठलं पोस्ट ते सांगायचो. अठरा नोव्हेंबरला वर्धापन दिन. १९६२ साली डॉ. राधाकृष्णन उद्घाटनाला आले होते, ते पाहिलेले एक जुने कर्मचारी दर वर्षी तीच आठवण सांगत. दर वर्षी गर्दी थोडी वाढायची. नंतर कळलं की ते तेव्हा दहा वर्षांचे होते आणि झाडावर बसले होते, म्हणजे त्यांना गर्दीच दिसली असणार.

किल्ल्या

मी आंबेवाडीकडचा. म्हणजे पंचगंगा नदी आमच्या दारातनंच जाते म्हणा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की इशारा, ४३ ला धोका, हे आमच्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ च्या वर गेलं.

तेव्हा मी परीक्षेच्या कामावर. कोऱ्या गुणपत्रिकांच्या कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडं. नियमानं त्या संध्याकाळी जमा करायच्या. त्या दिवशी गावातनं फोन आला, पाणी चढतंय, म्हशी सोडायला या. मी तसाच पळालो. किल्ल्या खिशात, ते घरी गेल्यावर ध्यानात आलं. सकाळी बघतो तर गावाला चारी बाजूनं पाणी.

म्हशींची दावी कापली, त्यांचं त्यांनी बघावं म्हणून. आई-वडील, पोरं माळवदावर. मी किल्ल्या सुतळीत ओवून करदोट्याला बांधल्या. घरातलं सगळं गेलं तर गेलं, पण कोऱ्या गुणपत्रिकांचं कपाट फोडायला लागलं तर चौकशी माझ्यावर. पुरात माणसाचं डोकं कसं चालतं बघा. दुसऱ्या दिवशी बोटीत बसताना जवान म्हणाला, सामान नको, फक्त माणसं. मी पोटाला हात लावून बघितला.

इकडं ऑफिसात दर तासाला एकच प्रश्न, "किती फूट?" शिरोलीला हायवे बंद, परीक्षा पुढं ढकललेल्या, तरी निम्मी माणसं हजर. माझा फोन बंद. मी वाहून गेलो अशी बातमी एका मजल्यावर, आणि बायकोच्या माहेरी मजेत आहे अशी दुसऱ्या मजल्यावर. चौथ्या दिवशी पोचलो, अंगावर मेव्हण्याचा शर्ट. आमचे अधीक्षक उठून बाहेर आले. कडक माणूस, उठून आलेला कधी बघितला नव्हता. पहिलं विचारलं, "म्हशी?" मी म्हणालो, दोन सापडल्या, एक नाही. मग म्हणाले, "किल्ल्या?"

जुलै २०२१ ला परत पाणी आलं, आधीच्यापेक्षा जास्त. पण तोवर आमच्याकडं एक नियम झाला होता : ३५ फूट झालं की नदीकाठच्यांनी किल्ल्या जमा करून घरी जायचं. याचं परिपत्रक नाही. कुठल्या फाईलला टिपणी नाही. पण मोडत कुणी नाही.

पेन्सिलीनं

मी तासिका तत्त्वावर शिकवतो. सेट म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, ती झालीय, पीएचडी झालीय. तुमचे हे कट्टे, डबे, चहा वगैरे वाचून छान वाटलं. आमच्यापर्यंत यातलं काही येत नाही. विभागाच्या ग्रुपात आम्ही नाही, कारण पुढच्या सत्रात असू की नाही ते ठरलेलं नसतं. पगार हा शब्दही आम्ही वापरत नाही, 'बिल' म्हणतो. ते महिनोन्महिने निघत नाही. दोन महिन्यांचं राहिलं की लोक उसने देतात, पाच महिन्यांचं राहिलं की टाळतात.

माझी बातमी वेळापत्रकावर असते. जूनमध्ये विभागात फलक लागतो, त्यात बाकीच्यांची आद्याक्षरं शाईनं, माझी पेन्सिलीनं. नऊ वर्षं. मागच्या वर्षी कुणीतरी चुकून माझीही शाईनं लिहिली. मी फोटो काढून बायकोला पाठवला. चार वाजता जाऊन बघितलं तर खोडून पुन्हा पेन्सिल केलेली होती.

पतसंस्था

इतकं गंभीर नको व्हायला. अधिसभेची, म्हणजे सिनेटची, निवडणूक कधी झाली ते आमच्याकडं निम्म्या लोकांना आठवत नाही, पण कर्मचारी पतसंस्थेची निवडणूक लागली की बघा. दूध संघ आणि साखर कारखान्यांच्या निवडणुका बघत वाढलेली माणसं आम्ही. पॅनेल, चिन्ह, जेवणावळी, सगळं. तांबडा रस्सा कुणाकडं आणि पांढरा कुणाकडं यावरनं निकाल आधी कळतो. वार्षिक सभेत लाभांशावर दहा मिनिटं चर्चा आणि सभासद भेट स्टीलचा डबा की चादर यावर दीड तास. चादरच मिळाली. एका धुण्यात आटली.

एकतीस मे

मी हवालदार म्हणून रिटायर झालो, पोलीस नव्हं, ऑफिसातल्या शिपायांतला. हे सगळं नातीला सांगून लिवून घेतोय. तिनं शुद्ध केलंय, मी नको म्हणालेलो.

लोक म्हणायचे, आबांना सगळं आधी कळतं. खरं सांगू का, कागद मी कधी वाचला नाही. फाईल आत नेली की सायेब बसूनच घेतोय का खुर्चीतनं पुढं सरकतोय, तेवढं बघायचं. पुढं सरकला की बाहेर येऊन सांगायचं, काहीतरी हाय. बाकीचं लोकच जोडायचे. आणि सही झाल्यावर पेनाला टोपण घातलं तर त्या दिवसापुरतं सपलं, उघडंच ठेवलं तर अजून कुणाचं तरी बोलावणं हाय. बत्तीस वर्षात हे दोनदाच चुकलं.

आमच्या वयाच्या निम्म्या माणसांचा जन्म एक जूनचा. शाळेत घालताना मास्तरनंच लावलेली तारीख. एक तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या शेवटाला रिटायर होतो, म्हणून एकतीस मेला आमच्याकडं लग्नसराईसारखी गर्दी. माझ्या साली अकरा जण. अकरा शाली, अकरा श्रीफळं, भाषण एकच. सगळ्यांना 'मनमिळाऊ' म्हणाले. त्यातले दोघं वीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, आंघोळ केली, कपडे चढवले, सायकल काढली. गेटवर गेल्यावर ध्यानात आलं. वॉचमन पोरगं बाहेर आलं, म्हणालं, "आबा, आज कुठं?"

मी म्हणालो, "वाढदिवस हाय माझा. चल, चहा पाजतो."

(आबा, खरी तारीख कुठली मग?)

आई म्हणायची, नागपंचमीच्या आदल्या दिवशी. साल तिला बी ठाऊक नव्हतं.