ईएफच्या दोन रीडिंगमध्ये १० चा फरक: चूक मोजण्यात की लूप घेण्यात?

निवासी_सोलापूर
नमस्कार. प्रबंधासाठी टाइप २ मधुमेहाचे असे रुग्ण घेतोय ज्यांना हृदयाची तक्रार नाही आणि ईएफ (डावं व्हेंट्रिकल, म्हणजे हृदयाचा खालचा डावा कप्पा, दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं) नॉर्मल आहे. त्यांच्यात ग्लोबल लाँगिट्युडिनल स्ट्रेन, म्हणजे जीएलएस (हृदयाचा स्नायू लांबीत किती टक्के आकसतो), आधीच घटलेला असतो का हे पाहायचंय. तुलनेला त्याच वयाचे, मधुमेह नसलेले. पायलटमध्ये १० जणांचा इको आम्ही दोघांनी वेगवेगळा केला. बायप्लेन सिम्पसनने (दोन व्ह्यूंत पोकळीची कड ट्रेस करून) ईएफमध्ये ८-१० चा फरक येतोय. एकीला माझा ६२, सहकाऱ्याचा ५२. जीएलएसमध्येही ३-४ चा. कोरिलेशन (दोघांचे आकडे एकमेकांबरोबर किती वर-खाली होतात) मात्र ०.८ आहे. कॉम्प्युटरवर उघडलेल्या लूपचा (इकोच्या छोट्या चित्रफितीचा) फ्रेम रेट सेकंदाला ३० दिसतो. बहुतेक रुग्ण विडी कामगार महिला. एथिक्स कमिटीला सुधारित प्रोटोकॉल द्यायचाय, त्यात नेमकं काय बदलू? सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीत पोर्टेबल मशीन नेऊन शिबिर घेतलं तर?

शिखरदृश्य
आधी एक करा. त्याच १० जणांचे साठवलेले लूप एकमेकांचे आकडे न बघता दोघांनी पुन्हा मोजा. एकाच लूपवर फरक ३-४ वर आला, तर दोष मोजण्यात नाही, प्रोब (छातीवर टेकवायचा सेन्सर) धरण्यात आहे. मला तीच शंका आहे, आणि तिचं नाव फोरशॉर्टनिंग.

प्रोब एक फासळी वर राहिला की बीम खऱ्या टोकातून न जाता व्हेंट्रिकलला तिरकं कापतो. व्हेंट्रिकल आखूड आणि गोलसर दिसतं, टोक जाड आणि जोरात आकसणारं. व्हॉल्यूम कमी येतं, ईएफ खोटा वाढतो. खरं टोक पातळ असतं आणि सिस्टोलमध्ये (आकुंचनात) जवळपास जागचं हलत नाही. ते खाली ओढलं जाताना दिसलं, तर तो लूप मोजूच नका. आकड्याची चाचणीही आहे: फोर चेंबर आणि टू चेंबर या दोन व्ह्यूंमधल्या व्हेंट्रिकलच्या लांबीत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर एक व्ह्यू नक्की आखूड आहे.

महिला रुग्णांत हे जास्त होतं, कारण संकोचापोटी कपडा पुरता सरकत नाही आणि प्रोब स्तनाच्या वरच टेकवला जातो. खोलीत महिला परिचारिका हवी, पुढून उघडणारा गाऊन आणि चादर हवी. पूर्ण डाव्या कुशीवर, डावा हात डोक्याखाली, स्तन वर उचलून खालची फासळी शोधायची. खाच असलेली गादी असेल तर फार सोपं जातं. लूप श्वास सोडून थांबवल्यावर घ्या. यातल्या बऱ्याच जणी घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड. ‘श्वास सोडा, थांबा’ एवढं त्यांच्या भाषेत शिकून घ्या आणि संमतीपत्रही त्या भाषांत ठेवा.

मोजताना डायस्टोलची (व्हेंट्रिकल पूर्ण भरलेलं असतानाची) फ्रेम मायट्रल झडप बंद झाल्यानंतरची पहिली, सिस्टोलची एओर्टिक झडप बंद झाल्यानंतरची पहिली. पॅपिलरी स्नायू (झडपेला धरणारे, पोकळीत डोकावणारे) पोकळीतच धरायचे. एक जण ते आत धरतो आणि दुसरा बाहेर ठेवतो, हेही तुमच्याकडे तपासून बघा.

फ्रेमरेट
३० वर स्ट्रेन काढू नका. ठोके ७० असतील तर एका ठोक्यात जेमतेम २५-२६ फ्रेम मिळतात आणि सिस्टोलच्या वाट्याला नऊ-दहा. आकुंचनाचं शिखर दोन फ्रेमच्या मधे हरवतं. ५० ते ८० ठेवा. सेक्टर फक्त डाव्या व्हेंट्रिकलपुरता अरुंद करा, खोली कमी करा. एट्रियम (वरचा कप्पा) अर्धं कापलं गेलं तरी या लूपमध्ये चालतं.

पण आधी बघा, मशीनवर फ्रेम रेट किती होता? पुष्कळ मशीन एक्सपोर्ट करताना लूप ३० वर दाबून देतात. मूळ रॉ डेटा साठवा. मशीन आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती शेवटच्या रुग्णापर्यंत तीच ठेवा, कारण दोन कंपन्यांचे जीएलएस एकमेकांशी जुळत नाहीत.

ट्रेस करताना स्नायूवर आखलेला पट्टा पेरिकार्डियमवर (हृदयाच्या बाहेरच्या आवरणावर) गेला की जीएलएस खोटा कमी येतो. एका व्ह्यूत दोनहून जास्त सेगमेंट (स्नायूचे भाग) नीट ट्रॅक होत नसतील तर त्या रुग्णाचा जीएलएस देऊ नका. प्रत्येक इकोच्या वेळी रक्तदाब नोंदवाच. दाब चढला की स्ट्रेन घटतो आणि ते मधुमेहाच्या खात्यावर जातं. आणखी एक गोष्ट: उपाशीपोटीच्या शुगरसाठी अक्कलकोट, बार्शीहून सकाळी एसटीने आलेला माणूस उन्हाळ्यात कोरडा पडलेला असतो. प्रीलोड (हृदयात भरणारं रक्त) कमी, ई वेव्ह (व्हेंट्रिकलमध्ये रक्त शिरतानाची पहिली लाट) कमी. काहींचा इको उपाशीपोटी, काहींचा जेवणानंतर, असं होऊ देऊ नका. एकच स्थिती ठरवा.

आकडेमोड
०.८ वर विसंबू नका. तुमचं प्रत्येक रीडिंग सहकाऱ्यापेक्षा बरोबर १० ने जास्त असतं, तरी कोरिलेशन १ आलं असतं. ब्लँड-ऑल्टमन काढा: फरकांची सरासरी, अधिक-उणे १.९६ गुणिले फरकांचं एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन, आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत ते). एसडी ५ असेल तर मर्यादा सरासरीच्या दोन्ही बाजूंना जवळपास १० ची, म्हणजे ५ टक्क्यांची घट तुम्हाला दिसणारच नाही. निदान २० रुग्णांत हे करा, आणि त्यातल्या काहींचा इको दोघांनी पाठोपाठ नव्याने घ्यावा. फक्त साठवलेला लूप पुन्हा मोजला की आकडे देखणे येतात, प्रोबची चूक झाकलेली राहते.

नमुना: गटांत जीएलएसचा फरक २, एसडी ३ धरलं, ८० टक्के पॉवर (खरा फरक सापडण्याची शक्यता), ५ टक्के सिग्निफिकन्स (नसलेला फरक दिसण्याची शक्यता), तर प्रत्येक गटात ३६. पाचात एक लूप वाया जाईल असं धरून ४५ घ्या. ज्यांचे लूप खराब आले त्यांची संख्या आणि वजनही लिहा, नाहीतर निष्कर्ष फक्त बारीक बायकांना लागू होईल.

निवासी_सोलापूर
धन्यवाद. मशीनवर बघितलं, तिथे ६४ आहे. एक्सपोर्टमध्येच ३० होतंय. शिबिराचं काय?

शिखरदृश्य
शिबिर नको. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीच्या, कायद्याखाली मशीनची नोंदणी जागेसकट होते, इकोचं म्हणून सूट नाही, आणि पोर्टेबल मशीनवर तर जास्तच बंधनं आहेत. रुग्णांना गाडीने रुग्णालयात आणा. विडीची मजुरी हजारावर मिळते, त्यामुळे अर्धा दिवस गेला की पैसे बुडतात. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी प्रोटोकॉलच्या बजेटमध्ये दाखवा.

आणि तुलनेचा गटही विडी कामगारांतलाच घ्या. तंबाखूची धूळ दिवसभर श्वासात जाते, मिसरी लावणाऱ्याही असतात. रुग्ण विडी कामगार आणि तुलनेला रुग्णालयातल्या परिचारिका असं झालं, तर स्ट्रेनमधला फरक मधुमेहाचा की तंबाखूचा, हे कुठल्याही सॉफ्टवेअरला वेगळं काढता येणार नाही. फॉर्ममध्ये मिसरी आणि तंबाखूचा वेगळा रकाना आजच घाला.