फॉलोअर्स साडेचार हजार, पेट्या मात्र सत्तर

कलमवाली (देवगड):
नमस्कार. देवगड तालुक्यात आमची हापूसची सुमारे तीनशे कलमे आहेत. सासऱ्यांच्या काळापासून माल वाशीच्या बाजारात दलालाकडे जात आला आहे, आणि पट्टी (दलालाचा विक्रीचा हिशोब) हातात पडेपर्यंत भाव काय मिळाला हे आम्हाला कळत नसे. त्याला कंटाळून मी दोन हंगामांपूर्वी बागेच्या नावाने इन्स्टाग्रामवर पेज सुरू केले. घळीने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबा उतरवतानाची एक रील दोन लाखांहून अधिक वेळा पाहिली गेली आणि फॉलोअर्स साडेचार हजारांवर गेले. गेल्या हंगामात या पेजवरून प्रत्यक्षात विकल्या गेल्या त्या सत्तर पेट्या, आणि त्यातल्याही निम्म्या नात्यागोत्यातल्या. मध्यंतरी पैसे देऊन पोस्ट अधिक लोकांना दाखवायचे ‘बूस्ट’चे बटण दाबून बारा हजार रुपये घालवले; चौकश्या पुष्कळ आल्या, पण आम्ही पेटी पोहोचवूच शकणार नाही अशा गावांहून. आता एक एजन्सी दरमहा पंचवीस हजार रुपयांत तीस पोस्ट करून देते म्हणते. हा खर्च करावा का, की आमचे मुळातच काही चुकते आहे?

मसाल्याचा डबा (सांगली):
गेली सहा वर्षे मी घरगुती मसाले याच मार्गाने विकते आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. आपली घळीची रील ज्यांनी पाहिली त्यांना आंबा उतरवण्याचे कौशल्य आवडले; त्यांना आंबा घ्यायचा होता असे त्यावरून ठरत नाही. ज्याला खरोखर पेटी घ्यायची असते त्याच्या मनात चारच प्रश्न असतात: हा आंबा देवगडचाच कशावरून, तो पावडर लावून पिकवलेला नाही ना, पेटी घरी आल्यावर किती दिवसांनी खाता येईल, आणि खराब निघाला तर पैसे बुडाले का? आपल्या पेजवर मी आत्ता नजर टाकली, तर सूर्यास्त, समुद्र आणि मोहोर सुंदर आहेत, पण या चारपैकी एकाचेही उत्तर मला सापडले नाही.

एक उदाहरण देते. आढी लावताना पेंढ्यावर आंबे रचल्याचे छायाचित्र पहिल्या दिवशी टाका, त्याच आढीचे पाचव्या दिवशी आणि मग तयार झाल्यावर पुन्हा टाका, आणि शेवटी त्याच आंब्याची कापलेली फोड दाखवा. कार्बाइडने फळ पिकवण्यास आपल्याकडे कायद्याने बंदी आहे हे वाक्य शंभर पेजेस लिहितात. आढीचे आठ-दहा दिवस मात्र ज्याच्याकडे आढी आहे तोच दाखवू शकतो. तीच गोष्ट साक्याची, म्हणजे गर आतून खराब होण्याची. साका बाहेरून दिसत नाही, तो कापल्यावरच कळतो, हे लपवण्याऐवजी साका पडलेला आंबा कापून दाखवा आणि असा निघाला तर छायाचित्र पाठवा, बदली आंबा किंवा पैसे देऊ, असे पेजच्या अगदी वर लिहून ठेवा. आणि कृपा करून ‘भाव इनबॉक्समध्ये’ हे वाक्य काढून टाका. मीही पहिले वर्षभर तेच लिहीत होते. भाव उघड लिहायला लागल्यावर चौकश्या कमी झाल्या, पण ज्या आल्या त्या घेणाऱ्यांच्याच होत्या.

शेवटी विक्री होते ती व्हॉट्सॲपवर, आणि ती पुन्हा घेणाऱ्यांमुळे होते. व्हॉट्सॲप बिझनेस २०१८ पासून मोफत उपलब्ध आहे आणि त्यात मालाची यादी भावासह लावून ठेवता येते. मात्र ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ च जण बसतात, आणि ज्याने आपला क्रमांक फोनमध्ये जतन केलेला आहे त्यालाच तो संदेश पोहोचतो. माझी पहिली दोन वर्षे यातच गेली, कारण मी संदेश पाठवीत होते आणि ते कोणाकडेच जात नव्हते! तेव्हापासून प्रत्येक पाकिटात ‘हा क्रमांक जतन करा’ अशी चिठ्ठी घालते.

जाहिरातवाला (पुणे):
माझा व्यवसायच हा असल्यामुळे एजन्सीबद्दल स्पष्ट लिहितो. महिन्याला तीस पोस्ट हे काम नव्हे, ते मजुरीचे मोजमाप आहे. किती पोस्ट करणार हे न विचारता, हंगामाअखेर कोणत्या आकड्याला तुम्ही जबाबदार राहाल, असे त्यांना विचारावे; उत्तर ‘रीच’ (पोस्ट किती जणांना दिसली) असे आले तर पैसे वाचवावेत.

बारा हजार वाया गेले, कारण बूस्ट करताना भाग निवडला गेला नसावा. आपली गाडी पुण्यात आणि मुंबईत जिथवर जाते तेवढीच उपनगरे निवडून, व्हॉट्सॲपवर संदेश यावा हे उद्दिष्ट ठेवून जाहिरात लावली, तर तेवढीच रक्कम कितीतरी अधिक उपयोगी पडते. ती वर्षभर लावू नये. गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया या दोन दिवसांच्या आधीचे दोन-दोन आठवडे पुरेत.

आणखी दोन गोष्टी. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे येतात. आपण अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली असल्यास तो क्रमांक पेजच्या परिचयात दिसला पाहिजे, आणि नसल्यास नोंदणी आधी करावी. दुसरे, एखाद्या खाद्यभ्रमंती करणाऱ्या इन्फ्लुएन्सरला पेटी भेट पाठवून व्हिडिओ करून घेणार असाल, तर ती जाहिरात असल्याचे त्याने सांगणे आवश्यक आहे. जाहिरात मानक परिषदेचे २०२१ चे नियम आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याची २०२३ ची मार्गदर्शक सूचना, दोन्हींत फुकट मिळालेली वस्तूही मोबदलाच धरली आहे.

चाकरमानी (डोंबिवली):
गिऱ्हाईक म्हणून लिहितो. तीन वर्षांपूर्वी अशाच एका देखण्या पेजवरून पेटी मागवली होती. वरचा थर देवगडचा होता, खालचे दोन थर सरळ कर्नाटकी, आणि तक्रार केल्यावर मला ब्लॉक करण्यात आले. त्या पेजला चाळीस हजार फॉलोअर्स होते, त्यामुळे आपल्या साडेचार हजारांचे मला काहीच वाटत नाही. मला रील नको. पेटीत काढणीची तारीख हवी.

बागायतदार (रत्नागिरी):
वरचे सल्ले योग्य आहेत, पण वाशी एकदम सोडू नका, असे माझे मत आहे. हापूस एक वर्ष धरतो आणि दुसऱ्या वर्षी हात आखडता घेतो, त्यात अवकाळी पावसाने मोहोर झडला तर तीनशे कलमांतून किती पेट्या निघतील हे जानेवारीत कोणीही सांगू शकत नाही. पेजवर पाचशे पेट्यांची मागणी नोंदवून बसलात आणि बागेत तीनशेच निघाल्या, तर शेजारच्या बागेतला माल घेण्याचा मोह होतो, आणि तिथूनच नाव जाते. मी नोंदणी दोनशेवर थांबवतो, ती फक्त निवडक फळाची, आणि बाकीचा माल बाजारात व बारीक फळ कॅनिंगला देतो. मोहोर झडला तर तेही त्याच दिवशी पेजवर सांगावे. एप्रिलमध्ये सांगितले की तो बहाणा वाटतो.

कलमवाली (देवगड):
सर्वांचे आभार. एजन्सीला आज नकार कळवला. भाव उघड लिहिण्याला घरात विरोध आहे, कारण भाव दर आठवड्याला उतरतो आणि आधी घेतलेले लोक नाराज होतील, असे यजमानांचे म्हणणे आहे. तेव्हा आठवड्याच्या तारखेसह भाव लिहावा, असे ठरवते आहे. नोंदणी या वर्षी दीडशे पेट्यांवर थांबवीन. काढणीची तारीख खोक्यावर रबरी शिक्क्याने मारली तर चालेल का?

चाकरमानी (डोंबिवली):
शिक्का चालेल, पण तो खोक्याच्या आत, चिठ्ठीवर असावा, आणि त्याखाली पेटी भरणाऱ्याचे नाव हाताने लिहिलेले असावे. ‘देवगड हापूस’ असा ठसठशीत छाप माझ्या त्या पेटीच्या बाहेरही होता.