बॅटल ॲबीला सासूबाईंना घेऊन जावं का?

रेडिंगची सूनबाई: ऑक्टोबरच्या सुट्टीत बॅटल ॲबी, म्हणजे इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जच्या लढाईची १०६६ ची रणभूमी आणि तिथला जुना मठ, बघायचा बेत आहे. मुलगा ९ वर्षांचा, सासूबाई ७२ च्या, गुडघे कुरकुरतात. झेपेल?

भटक्या: आम्ही गेलोय. हेस्टिंग्जची लढाई हेस्टिंग्जला झालीच नाही, तिथून दहाएक किलोमीटर आत झाली, हे आधी घरी सांगून ठेवा! रणभूमी म्हणजे उतारावरचं कुरण. इंग्लंडचा राजा हॅरॉल्ड वर, चाल करून आलेला नॉर्मन सरदार विल्यम खाली. खालून चढून बघा, नॉर्मनांना दम का लागला ते पोराच्या पायांनाच कळेल. पाऊस झाला असेल तर चिखल ठरलेला, गमबूट न्या. सासूबाईंना वर मठातच बसवा, भिक्षूंच्या शयनगृहाच्या भिंती अजून उभ्या आहेत. चर्च १५३८ नंतर पाडलं. पण हॅरॉल्ड पडला म्हणतात तिथे, जुन्या वेदीच्या जागी, शिळा आहे. माझ्या आईने तिथे नकळत हात जोडले.

रेडिंगची सूनबाई: चिखल म्हटल्यावर सासूबाईच पुढे! जन्म शेतात गेलाय.

पोळीभाजी: १४ ऑक्टोबरच्या आसपास लढाईचा खेळ असला तर गर्दी असते, तारीख बघून जा. लंडनच्या चेरिंग क्रॉसहून थेट गाडी मिळते, स्टेशनचं नावच ‘बॅटल’. डबा घरून.